घर दाखविण्याचा समारंभ

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थानें प्रथम उच्चारिली, त्याजवर घर विकण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. आला असता, तर या दोन कार्यांचें साम्य केवळ खर्चांत व दगदगींत नसून दाखविण्याच्या प्रकारांतही आहे, हें त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नसतें. मुलगी दाखवावयाची म्हणजे तिला कोणतें लुगडें नेसवावें, उजेड कोणत्या बाजूनें पडावा, चष्मा काढून ठेवावा कीं काय, यांविषयीं जीं खलबतें आपल्या घरांतून होत आलीं, तींच आतां घराविषयीं होतात. मुलींनीं शिकून व मिळवत्या होऊन त्या कार्यक्रमाचा जाच पुष्कळ कमी केला. घराला मात्र तोंड नाहीं. तेव्हां त्याला पावडर लावून पाटावर बसविण्यास कोणाचीच हरकत नसते.

छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेंत, या समारंभाला ऋतुही पहावा लागतो. दिवाळी झाल्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस घर दाखविण्यास उत्तम. कारण विचारलें तर दलाल शुभाशुभाचें देईल. खरें कारण मातीचें आहे. भोंवतालच्या ज्या वसाहती काळ्या शेतजमिनीवर उठल्या, तेथील माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर वैशाखांत भिंतींना भेगा पडूं लागतात. श्रावणांत स्लॅब गळतो. मधल्या त्या दोन-तीन महिन्यांत भेगाही निजलेल्या असतात आणि ओलही निजलेली असते. दिवाळीचा रंग ताजा असतो, आणि पाण्याची ओरड अजून उन्हाळ्याइतकी सुरू झालेली नसते. असें हें घराचें उपवर वय!

घर झाडून-पुसून, अडगळ काढून, बिजागरांना तेल देऊन दाखवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पाहुणा यावयाचा म्हणून अंगण सारविणें हें सौजन्यच होय. परंतु पोपडे धरलेल्या भिंतीवर पुट्टी फिरवून वर डिस्टेंपर देणें, ओल आलेल्या कोपऱ्यापुढें नेमकें कपाट सरकविणें, तुंबणाऱ्या मोरीच्या वासावर उदबत्तीचा पुडा जाळणें, याला सौजन्य म्हणत नाहींत. आणि हें करणारे लोक कोणी भामटे नसतात. दुधांत पाणी घालणाऱ्या गवळ्यावर संतापणारे, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील खाडाखोडीबद्दल त्याला उपाशी ठेवणारे, असे ते आपणांसारखेच सुशिक्षित असतात. याहून क्लेशकारक प्रकार कित्येक घरांतून घडतो, तो असा कीं, खोकणाऱ्या आजोबांस त्या दिवसापुरतें भाचीकडे पोंचवितात व त्यांची खाट गच्चीवर उभी करून ठेवितात. कां, तर घरांत आजारी माणूस दिसलें कीं गिऱ्हाईक बिचकतें. ज्या माणसानें हप्ते फेडून तें घर उभें केलें, तोच ओलीच्या डागाप्रमाणें झांकून ठेवण्याचा दोष ठरतो!

परंतु या शहरांतला सर्वांत मोठा दोष भिंतींत नसून नळांत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें ज्या गांवाला भूमिगत नहर खोदून पाणी आणलें, जेथील पाणचक्की पाहण्यास प्रवासी मुद्दाम येतात, त्याच गांवांत गेलीं कित्येक वर्षें नळाचें पाणी रोज न येतां कित्येक दिवसांआड येत आलें आहे. १९७६ सालीं उद्घाटन झालेलें जायकवाडी धरण पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहे, ही गोष्ट दुःख वाढविणारीच. या दोषाचा दोष कोणाला द्यावा, हा येथें विषय नव्हे. घर विकणाऱ्याचा तर त्यांत कांहींच अपराध नाहीं. त्याचा अपराध निराळा आहे. गिऱ्हाईक यावयाचें त्या सकाळीं टँकर बोलावून तो गच्चीवरची टाकी भरून घेतो, आणि घर दाखवितां दाखवितां सहज केल्यासारखा नळ सोडतो. धार पडते. गिऱ्हाईकाच्या पत्नीचा चेहरा खुलतो. ही धार टाकीची आहे, नळाची नव्हे, महिन्याकाठीं टँकरवाल्याला किती रुपये मोजावे लागतात, आणि पाण्याच्या दिवशीं रात्रीं अपरात्रीं उठून मोटर कोण लावतें, यांतलें अक्षरही कोणी उच्चारीत नाहीं. वास्तविक ज्या बाईनें इतकीं वर्षें तें पाणी भरलें, तीच या वेळीं चहाचा ट्रे हातीं धरून उभी असते!

कागदांची गोष्ट याहून गंभीर. जुन्या शहरांतील वाड्यांचे दस्त कोठें उर्दूंत, कोठें मोडींत. ते वाचणारा माणूस मिळेपर्यंत ‘कागद स्वच्छ आहेत’ एवढ्यावर काम भागवितात. नव्या वस्त्यांतून गुंठेवारीचा प्रश्न आहे. शेताचे तुकडे पाडून विकलेले असंख्य भूखंड येथें नुसत्या शंभर रुपयांच्या बाँडवर हातोहात फिरले. वस्तुतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें शंभर रुपये वा अधिक किमतीचें घर नोंदणीकृत दस्ताखेरीज विकतां येत नाहीं; नुसत्या मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं, हेंही सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं निक्षून सांगितलें. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ सालीं त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतचीं बांधकामें त्याच्या कक्षेंत आणिलीं. परंतु अर्ज करावा लागतो, शुल्क भरावें लागतें, तेव्हां प्रमाणपत्र मिळतें. विक्रेता मात्र ‘झालें आहे’ असेंही म्हणत नाहीं आणि ‘झालें नाहीं’ असेंही म्हणत नाहीं. तो म्हणतो, ‘होऊन जाईल.’ मराठी भाषेंत क्रियापदाचा इतका किफायतशीर उपयोग दुसऱ्या कोणत्याही धंद्यांत आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोणी म्हणेल, व्यवहार आहे; गिऱ्हाईकानें डोळे उघडे ठेवावे. त्याच १८८२ च्या कायद्याचें ५५ वें कलम या गृहस्थांनीं वाचावें. उलट करार नसेल, तर मिळकतींतील किंवा तिच्या मालकीहक्कांतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सांपडण्याजोगा नाहीं, तो विक्रेत्यानें आपण होऊन सांगितला पाहिजे; न सांगणें हें कायद्याच्या दृष्टीनें कपट आहे. कपाटामागची ओल साधारण काळजीनें सांपडत असेल, असें कोणी भांडूं शकेल. पण पुट्टीखालीं पुरलेली भेग? खरेदीदारही किमतीविषयीं खोटें बोलतो, त्याच्यापाशीं पैसे असून नसल्याचें सांगतो, हें खरें. परंतु घासाघीस दोघांच्या डोळ्यांसमोर चालते. भेग एकालाच दिसलेली असते.

गिऱ्हाईकांचा कैवार घेण्याचीही आमची इच्छा नाहीं. हे लोक हातांत होकायंत्र, हल्लीं मोबाइलमधलें, घेऊन स्वयंपाकघर आग्नेयेस आहे कीं नाहीं हें अर्धा तास पाहतील, आणि गच्चीवर चढून स्लॅबचा उतार पाहण्यास त्यांचे गुडघे दुखतील. शेजाऱ्याची बेल वाजवून ‘पाणी किती दिवसांनीं येतें हो?’ एवढें विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो. वास्तुशास्त्राच्या प्रश्नांना विक्रेता तत्परतेनें उत्तरें देतो, कारण त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं.

उलट बाजूनें एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो फोनवरच: ‘आडनांव काय?’ ज्या गांवांत डॉ. आंबेडकरांनीं १९५० सालीं महाविद्यालय काढलें, जेथील विद्यापीठाच्या नामांतरासाठीं १९७८ पासून १९९४ पर्यंत लोक झगडले, त्या गांवांत गिऱ्हाईकाची ओळख पैशानें न होतां आडनांवानें होते. आडनांव न पटल्यास घर ‘कालच ठरलें’ असतें. म्हणजे ज्याची परीक्षा व्हावयाची तें घर शृंगारून बसवावयाचें, आणि परीक्षा घ्यावयाची तिऱ्हाईताच्या कुळाची. घर विकावयाचें आहे, मुलगी द्यावयाची नाहीं, हा भेद या मंडळींस कोणी समजावून सांगावा?

आमची मागणी अगदीं थोडी आहे. विक्रेत्यानें आपल्या हस्ताक्षरांत एक पानभर मजकूर लिहावा: स्लॅब कोणत्या वर्षीं गळला व काय उपाय केला, भेगा कोठें आहेत, पाणी किती दिवसांआड येतें, टँकरला काय पडतें, दस्त कोणत्या प्रकारचा आहे, बँकेचा बोजा किती उरला आहे. हें पान चहाच्या आधीं गिऱ्हाईकाच्या हातीं द्यावें, आणि त्यानें पुन्हा एकदां, शक्य तर भर पावसांत, येऊन ताडून पहावें. दलालांची यावर हरकत अशी कीं, असा कागद दिल्यास घर वर्षभर पडून राहील. कदाचित् राहील, मग गच्चीवर जलरोधक थर देण्याचा खर्च विक्रेत्यालाच आधीं करावा लागेल. आज तोच खर्च नवा मालक आपल्या पहिल्या श्रावणांत, पाहुण्यांनीं वास्तुशांतीला दिलेल्या भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ठेवून, करीत असतो.