डबा ठेवा, तासाभराने या

पिठाच्या गिरणीवाल्याला संगणकशास्त्र येत नाही, म्हणूनच त्याचा धंदा सुरळीत चालतो. तुम्ही गव्हाचा डबा नेता. तो वजन करतो, डब्यावर खडूने आकडा टाकतो आणि म्हणतो, "ठेवा, तासाभराने या." तुम्ही भाजी घेता, भाजीवालीशी भांडता, परत येता, तर पीठ तयार! आता समजा तो म्हणाला, "दळण होईपर्यंत इथंच उभे राहा. हललात तर गहू गेले आणि पैसेही गेले!" कोण जाईल अशा गिरणीत?

वेबसाइटवर मात्र आपण रोज जातो. अर्ज भरला, पैसे भरले, बटण दाबलं, की एक चक्र गरगरू लागतं आणि खाली तंबी येते : 'रिफ्रेश करू नका, बॅकचे बटण दाबू नका.' एका कार्यालयाच्या चक्रापुढे मी असाच हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. शिंक आली तीही दाबली. शेवटी पाटी आली : ५०४! पैसे गेले की राहिले, याबद्दल चकार शब्द नाही.

माझा भाचा याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "मामा, पुढचा सर्व्हर आतल्या सर्व्हरची वाट पाहून कंटाळला, एवढाच त्याचा अर्थ. आतलं काम कदाचित चालूही असेल." म्हणजे खिडकी बंद, आणि आत कारकून शिक्के मारतोच आहे! घाबरून पुन्हा बटण दाबणाऱ्याचे पैसे दोनदा जातात ते असे.

पीएचपी या भाषेत वेबपानाच्या स्क्रिप्टला मुळात ३० सेकंदांची मुदत असते. पान दाखवायला ती पुष्कळ झाली. पण त्याच स्क्रिप्टने पीडीएफ बनवायची, ईमेल धाडायची, बँकेशीही बोलायचं, म्हणजे पंगतीतल्या वाढप्यालाच जिलब्या तळायला बसवण्यासारखं आहे.

यावर चलाख मंडळींची युक्ती अशी, की स्क्रिप्टमधून दुसरा प्रोग्राम सोडायचा आणि आज्ञेच्या शेवटी ॲम्परसँडचं चिन्ह ठोकायचं. म्हणजे तो पडद्यामागे चालतो. (त्याचं आउटपुट फाइलीत वळवायला विसरलात, तर पीएचपी तो संपेपर्यंत तिष्ठत बसते ती बसतेच.) पान लगेच मोकळं होतं आणि म्हणतं, 'धन्यवाद!' मागच्या त्या प्रोग्रामला युनिक्सवाले 'चाइल्ड' म्हणतात. त्याचा पालक आधी संपला की तो 'ऑर्फन' ठरतो, आणि बहुधा एक नंबरची प्रोसेस त्याला दत्तक घेते. घेऊ दे बापडी! पण पोर अर्ध्या वाटेत गचकलं, तर ती मला कळवायला थोडीच येणार आहे? आणि एकदम हजार माणसांनी बटण दाबलं, की मागच्या अंगणात हजार पोरं!

माझा खरा राग त्या 'धन्यवाद'वर आहे. चक्र निदान काम बाकी आहे हे कबूल करतं. शेवटच्या तारखेच्या रात्री परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलगी 'धन्यवाद' वाचून निर्धास्त झोपते. मागे तिचा फॉर्म मेलेला असतो. तिचं वर्ष गेलं, तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?

करायचं काय, हे काही गुपित नाही. स्क्रिप्टने कामाची नोंद रांगेत लावावी, क्रमांक हातात द्यावा आणि सुटावं. मागे वेगळा प्रोग्राम एकेक काम उचलतो, फसलं तर पुन्हा करतो, काय झालं ते वहीत लिहितो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. 'काम स्वीकारलं आहे, पुरं झालेलं नाही' असं सरळ सांगायला एचटीटीपीत २०२ हा आकडाच आहे, आणि तो १९९६च्या नियमावलीतही होता.

"पण मामा, रांग बसवायला वेळ लागतो," भाचा म्हणाला. "गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही."

"आणि चक्राचे?"

"चक्राचा रंग ठरवायला तीन मीटिंगा झाल्या."