सीमेवरच्या गर्दीचा अंदाज: सूत्रे तयार, मोजणी अपुरी

उत्तर प्रदेशातील महाराजगंज जिल्ह्यातील सोनौली हे रस्त्याने नेपाळला जाणाऱ्या पर्यटकांच्या प्रमुख प्रवेशद्वारांपैकी एक आहे. गोरखपूरहून येणाऱ्या बसगाड्या आणि खासगी मोटारी येथूनच पलीकडच्या भैरहवाकडे, पुढे लुंबिनी, पोखरा आणि काठमांडूकडे जातात. हंगामात येथे वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. किती कर्मचारी नेमायचे, किती खिडक्या उघडायच्या, वाहने कोठे थांबवायची, हे निर्णय गर्दी होण्यापूर्वीच घ्यावे लागतात. त्यासाठी गर्दीचा पूर्वअंदाज हवा आणि तसा अंदाज बांधण्याचे शास्त्र नवे नाही. मागील वर्षांच्या आकड्यांतून दीर्घकालीन कल आणि हंगामी चढउतार वेगळे काढण्याची होल्ट आणि विंटर्स यांची पद्धत १९६० पासून जगभर वापरात आहे. भारत-नेपाळ सीमेवर अडचण सूत्राची नसून त्यात घालायच्या आकड्यांची आहे.

नोंदच नसलेला पर्यटक

भारत आणि नेपाळ यांच्यातील १,७५१ किलोमीटरची सीमा खुली आहे. १९५० च्या मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या प्रदेशात वावरण्याची मोकळीक दिली. व्हिसा लागत नाही. सशस्त्र सीमा बलाचे जवान तपासणी करतात, मात्र रस्त्याने जाणाऱ्या बहुतांश भारतीयांचे नाव इमिग्रेशनच्या नोंदवहीत चढत नाही. तिसऱ्या देशाच्या नागरिकाची नोंद होते, विमानाने उतरलेल्या भारतीयाचीही होते. २०२३ मध्ये नेपाळमधील विदेशी पर्यटकांच्या संख्येने पुन्हा दहा लाखांचा टप्पा ओलांडला. या संख्येत भारतीयांचा क्रमांक पहिला असला, तरी त्यात मुख्यत्वे हवाई मार्गाने आलेलेच मोजले जातात.

याचा परिणाम केवळ एकूण आकडा कमी दिसण्यापुरता मर्यादित नाही. हंगामाचे चित्रच त्यामुळे बदलते. नोंदलेल्या आकडेवारीत ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे दोन उंचवटे ठळक दिसतात. हिमालयात पदभ्रमणासाठी येणाऱ्या विदेशी पर्यटकांचे हे महिने आहेत. उत्तर भारतातील कुटुंबे मात्र मैदानी प्रदेश तापतो तेव्हा, मे आणि जूनमध्ये मोठ्या संख्येने निघतात. पशुपतिनाथाचे भाविक महाशिवरात्रीला आणि श्रावणात जातात. नोंदवहीवर विसंबून केलेला अंदाज सोनौलीसाठी चुकीच्या महिन्यात सज्जता सुचवील, अशी शक्यता मोठी आहे.

अप्रत्यक्ष मोजणीचे एक साधन मात्र हाताशी आहे. भारतीय वाहनाला नेपाळमध्ये नेण्यासाठी सीमाशुल्क भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना घ्यावा लागतो. सीमाभागात त्याला ‘भन्सार’ म्हणतात. वाहन केव्हा आले आणि किती दिवसांसाठी आले, हे त्यावरून कळते. आत किती माणसे होती, हे कळत नाही. सायकलरिक्षाने किंवा पायी जाणारा तर या हिशेबाबाहेरच राहतो. शिवाय सीमेच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्यांचा रोटी-बेटी व्यवहार आहे. बाजारहाटासाठी किंवा लेकीच्या सासरी जाणारा माणूस पर्यटक नव्हे, पण रांगेत तो पर्यटकाच्या पुढेच उभा असतो. कर्मचाऱ्यांची संख्या ठरवताना त्यालाही मोजावे लागेल.

दिनदर्शिकेचा प्रश्न

दुसरा दोष तुलनेच्या पद्धतीत आहे. सरकारी आकडेवारी इंग्रजी महिन्यांनुसार लावली जाते आणि यंदाच्या ऑक्टोबरची तुलना गतवर्षीच्या ऑक्टोबरशी होते. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. २०२५ मध्ये दसऱ्यापूर्वीची गर्दी साहजिकच सप्टेंबरच्या खात्यात गेली. प्रवास तितकाच झाला असला तरी तक्त्यात सप्टेंबर वाढलेला आणि ऑक्टोबर घटलेला दिसणार. अधिक मास येतो त्या वर्षी सण पुन्हा पुढे सरकतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन उन्हाळी सुटीत येतो. धोंड्याच्या महिन्यात तीर्थयात्रा करण्याची महाराष्ट्रातील प्रथा पाहता हा योगायोग सूत्रात घालण्याजोगा आहे. श्रावणाचीही हीच गत. उत्तरेचा श्रावण महाराष्ट्राच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे एकाच नावाच्या महिन्यात भाविकांच्या दोन वेगळ्या लाटा येतात.

या दुसऱ्या लाटेकडे केवळ रांगेच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातील अनेक भाविकांचा मृत्यू झाला. त्याआधी १२ जुलैला नारायणघाट-मुगलिंग मार्गावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. सोनौलीहून काठमांडूला जाणारी वाहने याच मार्गाने जातात. पर्यटनाच्या तक्त्यात जुलै-ऑगस्ट हे मंदीचे महिने असतात, परंतु भाविकांची वाहतूक चालूच असते. पुढच्या आठवड्यात किती बस सीमा ओलांडतील याचा अंदाज आणि घाटातील पावसाचा इशारा एकत्र वाचला गेला, तर काही गाड्या सीमेवरच थांबवता येतील. अंदाजाचा इतका मोलाचा उपयोग दुसरा नाही.

अशा अंदाजासाठी आगाऊ खुणा उपलब्ध आहेत. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. मुंबईहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस कोणत्या तारखांना लवकर भरते, हे दोन महिने आधी समजू शकते. अर्थात या गाडीतील बहुतेक प्रवासी यात्रेकरू नसून गावी परतणारे कामगार असतात; ही सरमिसळ वजा केल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

राजकारणाचा धक्का

मोजणी अचूक असलेल्या सीमांवरही अंदाज कोलमडतात. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथे प्रत्येक प्रवाशाच्या पारपत्राची नोंद होते. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला, भारताने पर्यटन व्हिसा देणे थांबवले आणि कोलकात्यातील न्यू मार्केट परिसरातील बांगलादेशी ग्राहकांवर चालणारी हॉटेले व दुकाने ओस पडली. करतारपूर मार्गिकेचे उदाहरण निराळे आहे. २०१९ च्या करारात दररोज ५,००० भाविकांची तरतूद झाली आणि ती क्षमताच अपेक्षित संख्या असल्याप्रमाणे बोलले गेले. पारपत्राची अट आणि २० डॉलर शुल्क यांमुळे प्रत्यक्ष दैनंदिन सरासरी तिच्या जवळपासही गेली नाही. पहलगाम हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये ती वाहतूकही थांबली. नेपाळमध्ये ८ सप्टेंबर २०२५ रोजी आंदोलन भडकले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि दोन आठवड्यांवर आलेल्या घटस्थापनेच्या हंगामाचे सारे आडाखे चुकले.

असे धक्के कोणतेही सूत्र वर्तवू शकत नाही. मात्र मतदानापूर्वी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवण्याचा निर्णय अनपेक्षित नसतो. निवडणुकीचे वेळापत्रक काही आठवडे आधी जाहीर होते, पण टॅक्सीचालकाला ते बहुधा नाक्यावर पोहोचल्यावर कळते. भारतीय भू-बंदर प्राधिकरण २०१२ पासून कार्यरत आहे. नेपाळ सीमेवरील नाक्यांसाठी एकच आकडा न देता नेहमीचा हंगाम, अतिवृष्टीचा हंगाम आणि सीमाबंदी अशा तीन परिस्थितींचे आठवडावार अंदाज त्याने भन्सारच्या नोंदींच्या आधारे प्रसिद्ध करण्यास तांत्रिक अडचण नाही. त्यासाठी नेपाळच्या सीमाशुल्क विभागाने आपल्या दैनंदिन नोंदी भारताला देणे मात्र आवश्यक ठरेल.