वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

विदर्भातील आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील अनेक घरांना सिकलसेल नवा नाही. तरीही तपासणीच्या अहवालावरील ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतला फरक किती जणांना नीट समजावून सांगितला जातो? सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या जनुकातील दोषामुळे होणारा आजार. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, दुसरी वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. तिला सहसा त्रास होत नाही. दोन्ही सदोष असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा समज घातक आहे. फासा दर वेळी नव्याने पडतो.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, ते योग्यच आहे. पण अर्थ न सांगता हाती दिलेला अहवाल भीतीच पसरवतो. तपासणीमुळे मुलींची लग्ने मोडतील, हा आक्षेप निराधार नाही. मात्र अहवाल लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बाळ ‘एसएस’ होते ते दोघांकडून एकेक सदोष प्रत आल्यावरच; मग दोष एकट्या सुनेच्या माथी का? वाहकाचा जोडीदार ‘एए’, म्हणजे दोन्ही प्रती निर्दोष असलेला असेल, तर मूल ‘एसएस’ होत नाही. म्हणूनच तपासणी शिबिराइतकेच महत्त्व समुपदेशनाला द्यायला हवे आणि आनुवंशिकतेचा धडा शाळेत याच उदाहरणावरून शिकवायला हवा.