अठराव्या वर्षानंतरची सोबत

‘ऑटिझम’ या शब्दाच्या मुळाशी ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, हा ग्रीक शब्द आहे. त्यावरूनच हिंदीत ‘स्वलीनता’ आणि मराठीत ‘स्वमग्नता’ हे प्रतिशब्द रूढ झाले. जो स्वतःतच मग्न आहे, त्याला इतरांची सोबत कशाला हवी, असा समज या नावातून नकळत दृढ होतो. आणि आपली धोरणेही जणू त्याच समजावर उभी आहेत. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न प्रौढांना सोबत हवी असते. नको असतो तो गोंगाट, ऐनवेळचा बदल आणि नजरेला नजर भिडवून गप्पा मारण्याची सक्ती.

रायपूरचे उदाहरण घेऊ. छत्तीसगडच्या या राजधानीत एम्स आहे, विशेष शाळा आहेत. राजनांदगावला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. निदान, उपचार वा प्रशिक्षणासाठी कोठे जावे, हे पालकांना सांगता येते. पण पंचवीस वर्षांच्या स्वमग्न तरुणाने शनिवारची संध्याकाळ कोणासोबत घालवावी, याचे उत्तर कोणत्याही कार्यालयाच्या फलकावर नसते. तेलीबांधा तलावाकाठी गर्दी लोटते, गणेशोत्सवात मांडव गजबजतात. परंतु ध्वनिवर्धक आणि झगमगाट ज्याला असह्य होतो, त्याच्यासाठी ही ठिकाणे असून नसल्यासारखीच.

उणीव कायद्याची नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला आणि तिला सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाच्या कक्षेतही आणले. याच कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांतील समान सहभागाची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकते. अंमलबजावणीची नजर मात्र बालकांवरच खिळलेली आहे. २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद नव्हती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय अभ्यासाने २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी केली. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील स्थानिक समितीपुढे मुख्यतः एकच विषय येतो : कायदेशीर पालक कोण? मित्र कोण, हे विचारणे कोणाच्याच कामात मोडत नाही.

यावर ‘सामाजिक कौशल्यां’चे वर्ग हा उपाय सर्रास सुचविला जातो. त्यामागचे गृहीतक असे, की संवादातला दोष एकाच बाजूचा आहे. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हे गृहीतकच नाकारले : गैरसमज दोन्हीकडून होतो, असे त्यांचे म्हणणे. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट आठ-आठ जणांच्या साखळीतून पुढे पाठवून पाहिली. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली; मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळत गेले. समानशीलांच्या सहवासात संवाद सुकर होतो, हे त्यातून दिसते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या मुलांवरून ‘ऑटिझम’चे वर्णन केले, त्यांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतील फॉरेस्ट या लहान गावात त्याने बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर प्रवास केला. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो निवर्तला. बँक आजोळच्या कुटुंबाची होती, ही अनुकूलता मान्य. तरी गावाने त्याच्या तऱ्हेवाईकपणासकट त्याला आपले मानले, हे निव्वळ पैशाने साधत नाही.

रायपूरला ही समज परकी नाही. येथील ‘नुक्कड’ या चहागृहात कर्णबधिर तरुण ग्राहकांची सरबराई करतात आणि ग्राहक मागणी लिहून वा खुणांनी सांगतात. तेथे जुळवून घेतो तो ग्राहक. हेच तत्त्व स्वमग्न प्रौढांच्या मंडळांना लागू करता येईल. चोवीस तास खुल्या असणाऱ्या ‘नालंदा परिसर’ ग्रंथालयात किंवा चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आठवड्यातून एकदा एक शांत खोली, ठरलेली वेळ, मोजकी माणसे, आधी कळविलेला कार्यक्रम आणि मध्येच उठून जाण्याची मुभा, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. विषय रेल्वेची वेळापत्रके असोत, नाणी असोत वा बुद्धिबळ. तो सदस्यांनीच ठरवावा. जे बोलत नाहीत किंवा एकटे प्रवास करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मदतनीस आणि वाहनखर्चाची तरतूद महापालिकेने करावी. अन्यथा ही मंडळेही सफाईने बोलणाऱ्यांपुरतीच उरतील.

वेगळी मंडळे काढल्याने ही माणसे आणखी एकाकी पडतील, असा आक्षेप येईल. पण भजनी मंडळाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला आपण विलगीकरण म्हणत नाही. आपल्यासारख्यांत निर्धास्तपणे बसता आले, तर चारचौघांत जाण्याचे बळही तेथूनच मिळते.

‘आमच्या पश्चात काय?’ हा पालकांचा प्रश्न आपण आजवर पैसा, पालकत्व आणि निवारा यांच्या भाषेत सोडवीत आलो. या तिन्ही गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु एखाद्या शनिवारी तो आला नाही, तर त्याची वाट पाहणारे आणि चौकशीसाठी दार ठोठावणारे कोणी असेल काय, हेही त्याच प्रश्नात दडलेले असते. ती व्यवस्था पालक हयात असतानाच उभी राहायला हवी.