जुन्या गाडीला रिमोट बसवताना

एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, कडेवर पोर आणि किल्ली मात्र पर्सच्या तळाशी! जुनी गाडी वापरणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. शेजारच्यांची नवी गाडी एका बटणावर उघडते आणि आपण पावसात कुलपाचं भोक शोधत असतो. मग वाटतं, आपल्याही गाडीला रिमोट बसवून घ्यावा.

जरूर घ्या. गाडी पंधरा वर्षांची असली तरी काम होतं. दिल्लीचं करोल बाग असो, बंगळुरूचा जे. सी. रोड असो की तुमच्या गावचं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान, रिमोटचा संच सहज मिळतो. मात्र गाडी दुकानदाराच्या हवाली करण्याआधी थोडं समजून घ्या.

आधी एक चाचणी. चालकाच्या दाराची लॉकची खुंटी दाबा. चारही दारं बंद झाली, तर गाडीत सेंट्रल लॉकिंग आहे. मग तुम्हाला फक्त रिमोटचं मोड्यूल लागेल. एकच दार बंद झालं, तर दारांत मोटरही बसवाव्या लागतील आणि खर्च वाढेल. मोटर असताना पुन्हा नव्या मोटर विकल्या जात असतील, तर सरळ नाही म्हणा.

वायरिंग कसं चालतं? मोड्यूलला कायमचे १२ व्होल्ट लागतात, एक अर्थ लागतो आणि लॉक-अनलॉकच्या दोन वायर लागतात. खरी मेख या दोन वायरींत आहे. काही गाड्यांत त्या वायरला क्षणभर अर्थ मिळाला की दारं बंद होतात, काहींत १२ व्होल्ट मिळाल्यावर होतात, तर काहींत मोटरकडे जाणाऱ्या करंटची दिशाच उलटावी लागते. तिन्हींची जोडणी वेगळी. वायरच्या रंगावरून अंदाज बांधणारा मेकॅनिक नको. मल्टिमीटर लावून तपासणारा हवा. चुकीच्या जोडणीत फ्यूज उडतो किंवा गाडीचं मूळ लॉकिंग युनिटच जळतं. गाडीत एअरबॅग असेल, तर पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू देऊ नका.

तीन गोष्टींचा आग्रह धरा. १२ व्होल्टच्या वायरवर, जिथून वीज घेतली त्याच्या जवळच फ्यूज हवा. गाडीत शॉर्ट सर्किट झालं तर आगीपासून वाचवणारा तोच. दुसरं, जोड सोल्डर किंवा क्रिंप केलेले हवेत. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळली, तर उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि तार उघडी पडते. तिसरं, दारात जाणारी वायर रबरी नळीतूनच न्यायला सांगा, नाहीतर दार उघडता-मिटता ती तुटते.

रिमोट घेताना 'रोलिंग कोड' आहे का, तेही विचारा. यात दर वेळी संकेत बदलतो. कायम एकच संकेत देणाऱ्या स्वस्त रिमोटची नक्कल करणं सोपं असतं.

बॅटरीचा हिशेब. मोड्यूल रात्रंदिवस थोडी वीज खातं. समजा २० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-अवर आणि महिन्याला जवळपास १४. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. सुट्टीत महिनाभर गावी गेलात, तर परत आल्यावर गाडी चालू होईलच असं नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. रिमोटने दार अनलॉक केलं आणि अर्ध्या मिनिटात कोणी उघडलं नाही, तर बरेच संच आपोआप पुन्हा लॉक होतात. दार उघडलं गेलं हे मोड्यूलला दाराच्या दिव्याच्या स्विचवरून कळतं. घाईत ही वायर बऱ्याचदा जोडायचीच राहते. मग काय होतं बघा. तुम्ही बाळाला मागे बसवता, किल्ली सीटवर ठेवता, दार लोटता आणि डिकीकडे वळता. तेवढ्यात 'खट्' आवाज होतो. बाळ आत, किल्ली आत आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. बंद गाडी काही मिनिटांतच तापते.

म्हणून दुकानातून निघण्याआधी स्वतः करून बघा. काच खाली ठेवा, अनलॉक करा, दार उघडून पुन्हा मिटा आणि मिनिटभर थांबा. गाडी आपणहून लॉक झाली, तर ती वायर जोडून घ्या किंवा ही सोयच बंद करायला सांगा. मग प्रत्येक दार आतून उघडतं का आणि साध्या किल्लीने कुलूप फिरतं का, तेही पाहा. रिमोटचा सेल कधीतरी संपणारच.

विमा कंपनीलाही कळवून ठेवा. आणि दुसरा रिमोट, त्याला साधी किल्ली अडकवून, घरातल्या खिळ्यावर टांगा. गाडीच्या कप्प्यात ठेवलेली जादा किल्ली ऐन वेळी आतच राहते.