विचारायचेच नाही?

लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात, १५ मे २०२४ च्या बुधवारी, पंतप्रधान मोदींच्या पिंपळगाव बसवंतच्या सभेत एका तरुणाने उभे राहून ‘कांद्यावर बोला’ एवढेच म्हटले. त्याने दगड भिरकावला नव्हता, शिवी दिली नव्हती, कोणाच्या अंगावर धावून गेला नव्हता. तरीही पंतप्रधानांचे भाषण थांबले, गर्दीने ‘मोदी, मोदी’चा गजर केला, व्यासपीठावरून जयजयकाराच्या घोषणा झाल्या आणि पोलिसांनी त्या तरुणाला बाहेर नेले. तो शरद पवारांच्या पक्षाचा कार्यकर्ता असल्याचा खुलासा लगोलग आला. असेल. मग? पवारांच्या पक्षाच्या माणसाचा कांदा चाळीत सडत नाही की काय? पुढे त्याच भाषणात पंतप्रधान कांद्याच्या खरेदीवर आणि निर्यातीवर बोललेही. म्हणजे विषयाचे वावडे नव्हते, विचारण्याचे होते. आम्हाला जे सांगायचे ते सांगू, तुम्ही ऐकायचे, टाळ्या वाजवायच्या आणि बोटाला शाई लावून घ्यायची. त्या निवडणुकीत हा नियम सर्वात कडक पाळला गेला आणि तो कोणत्याही आचारसंहितेत लिहिलेला नाही.

नगरकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. आपले मतदान त्याआधीच, सोमवारी १३ मेला, उरकले होते. त्याच्या सहा दिवस आधी, ७ मे रोजी, पंतप्रधान नगरलाही येऊन गेले. त्या सभेचे मथळे झाले ते आरक्षणाचे आणि तुष्टीकरणाचे. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात गोण्या उतरवून लिलावाची वाट पाहणाऱ्याचा प्रश्न मात्र २०२३ च्या ऑगस्टपासून तुंबलेला होता. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. ८ डिसेंबरला सरसकट बंदी आली. फेब्रुवारीत बंदी उठल्याची आवई उठली, सत्ताधारी मंडळींनी श्रेय घ्यायची घाई केली आणि दोन दिवसांत केंद्रानेच बंदी कायम असल्याचे बजावले. ३१ मार्चला संपायची ती बंदी मार्चमध्येच बेमुदत झाली. एप्रिलमध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली, ती गुजरातच्या. आणि मतदान तोंडावर आले तेव्हा, ४ मे रोजी, बंदी उठली. तीही कशी? टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. ५५० वर २२० चढले की ७७० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला ६४ रुपयांच्या घरात. त्या भावात परदेशातले गिऱ्हाईक आपला कांदा उचलणार की पाकिस्तानचा, हे बाजार समितीतल्या हमालानेही सांगितले असते.

शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून हे केले, अशी सरकारची बाजू असू शकते. ती मांडावी, ठासून मांडावी. पण ज्याच्या खिशातून ही स्वस्ताई काढली, त्याच्यासमोर उभे राहून मांडावी. त्याला बाहेर नेऊन उरलेल्यांना सांगण्यात कसला आला पराक्रम?

समोर उभे राहण्याचे निमंत्रण तर रीतसर आले होते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, मूळचे सोलापूरचे निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी ९ मे रोजी पंतप्रधान आणि राहुल गांधी या दोघांना पत्र लिहिले. एका मंचावर या, एकमेकांना प्रश्न विचारा, लोकांना ऐकू द्या, एवढीच विनंती. राहुल यांनी ११ तारखेला होकार कळवला. त्यासाठी त्यांना फार धाडस लागले असेल असे नाही, समोरचा फिरकणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. भाजपमधून आधी ‘राहुल गांधी कोण? ते पंतप्रधानपदाचे उमेदवार आहेत का?’ असा टोला आला. मग १३ तारखेला पक्षाच्या युवा मोर्चाने आपले एक उपाध्यक्ष चर्चेसाठी पुढे केले. निमंत्रण पंतप्रधानांना आणि उत्तर युवा मोर्चाचे! याला विनोद म्हणतात. तीन जाणत्या माणसांच्या पत्राची अशी थट्टा करून कोणाची उंची वाढली?

पंतप्रधान मुलाखती देतात, हा युक्तिवाद ठरलेला आहे. त्या प्रचारात त्यांनी मुलाखतींचा धडाका लावला हे खरेच. पण एका उत्तरावर उलटा प्रश्न आणि त्याच्या उत्तरावर आणखी एक, असे त्यातल्या किती मुलाखतींत झाले? त्याच्या पाच वर्षे आधी, १७ मे २०१९ रोजी, ते पक्षकार्यालयातल्या पत्रकार परिषदेला येऊन बसले आणि एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. ती सगळी कामगिरी अमित शहांकडे सोपवली. २०२४ च्या त्या बुधवारी पिंपळगाव आटोपून त्यांनी घाटकोपरला रोड शो केला. त्याच्या दोनच दिवस आधी त्याच घाटकोपरमध्ये अजस्र जाहिरात फलक कोसळून माणसे चिरडली होती. मेट्रो काही काळ बंद ठेवून, घरी निघालेल्या चाकरमान्यांना खोळंबून ठेवून फुले उधळली गेली. रोड शो हा प्रकार नेत्यांना इतका का आवडतो हे उघड आहे. सभेत निदान एखादा ओरडू शकतो, रोड शोमध्ये फक्त हात हलवायचा असतो.

पाहा, त्याच बुधवारी अमेरिकेत काय घडले. बायडेन आणि ट्रम्प या दोघांनी २७ जूनला अटलांटात समोरासमोर यायचे कबूल केले. हे दोघे सद्‍गुणांचे पुतळे आहेत असे कोणी म्हणणार नाही. ट्रम्प यांनी तर आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या चर्चांना पाठ दाखवली होती. पण तिथे टाळणाऱ्याला टाळल्याचे ऐकून घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये २०१९ साली बोरिस जॉन्सन हवामानबदलावरच्या चर्चेला आले नाहीत, तेव्हा वाहिनीने त्यांच्या जागी वितळणारे बर्फाचे शिल्प ठेवले. आपल्याकडे अशी जागा रिकामी ठेवायची हिंमत किती वाहिन्यांत आहे? इथे तर नेता आला नाही याची बातमीही होत नाही.

हे सारे दिल्लीकरांच्या माथी मारून नगरला हात झटकता येणार नाहीत. आपल्या मतदारसंघात काय दिवे लागले? मार्चअखेर भाजपचे उमेदवार, खासदार डॉ. सुजय विखे यांनी प्रतिस्पर्धी नीलेश लंके यांना आव्हान दिले. कशाचे? कुकडीच्या पाण्याचे? साकळाई उपसा योजनेचे? नगर-मनमाड रस्त्याचे? छे. आपल्यासारखे इंग्रजी पाठ करून का होईना पण बोलून दाखवावे, मग आपण अर्जच भरणार नाही, असे ते आव्हान. लोकसभेत मराठीतून बोलता येते आणि ते भाषांतरित होऊन सभागृहाला ऐकू जाते, हे पाच वर्षे तिथे बसलेल्या खासदाराला कोणी सांगायचे? पारनेरच्या जिरायती पट्ट्यातल्या माणसाने आपले इंग्रजी काढून घ्यावे आणि गप्प बसावे, असा तो सूर होता. उच्चशिक्षित डॉक्टर उमेदवाराकडून खरे तर वेगळी अपेक्षा होती. आव्हानच द्यायचे तर जिल्ह्याच्या प्रश्नांवर एका मंचावर येण्याचे का दिले नाही?

लंके यांनीही या आव्हानाचे सोने करून घेतले, यापलीकडे काय केले? हंग्याचे साधे घर, भाळवणीचे कोविड केंद्र, साधी राहणी यांचा आदर आहेच. पण साधेपणा हे धोरण नव्हे. डिंभे आणि माणिकडोह धरणे जोडणाऱ्या बोगद्याला आंबेगावकरांचा विरोध आहे. आपल्या श्रीगोंदा-कर्जतला तो हवा आहे. दोन्हीकडे मित्रपक्षांचे आणि माजी मित्रांचे हितसंबंध. मग या बोगद्यावर तुमची भूमिका काय, हे लंके यांना तोंडावर विचारायला हवे होते. आधी अजित पवारांकडे होतात, मार्चअखेर शरद पवारांची तुतारी हाती आली, मधल्या काळात विचार बदलला की तिकीट, हेही विचारायला हवे होते. आणि २०१९ च्या मार्चमध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेलेल्या विखे यांनाही तेच.

दुधाचे तर विचारूच नका. राज्याचे दुग्धविकास खाते तेव्हा सुजय विखे यांच्या वडिलांकडे होते. लिटरला ५ रुपयांचे अनुदान जानेवारी २०२४ मध्ये लागू झाले, त्यातही गाईच्या कानातला बिल्ला ऑनलाइन नोंदला नाही म्हणून अनेकांचे पैसे अडकले आणि १० मार्चला योजनेची मुदतच संपली. मतदान होते १३ मेला. मधले दोन महिने संगमनेर, अकोले, राहात्याच्या गोठ्यांत काय भाव पडला, हे खासदारकी मागणाऱ्या घराने मांडायला नको होते?

प्रश्न न घेण्याची ही सवय नगरला दिल्लीने शिकवलेली नाही. उलट दिल्लीनेच आपल्याकडे शिकवणी लावावी. एकेकाळी मात्र चित्र वेगळे होते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन त्यांच्या शंका ऐकाव्या लागल्या. शंका फिटली तरच शेअरचे पैसे मिळत. आज या जिल्ह्यात कारखान्यांच्या आणि बँकांच्या सर्वसाधारण सभांत काय चालते? अहवालाचे पान उलटायच्या आत पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्या उठतात. एखादा सभासद ताळेबंदातल्या तोट्याबद्दल विचारायला उठला की माइक बंद पडतो, ‘खाली बसा’ सुरू होते आणि अर्ध्या तासात राष्ट्रगीत होऊन सभा संपते. पक्ष कोणताही असो, चेअरमन कोणीही असो, सभा तीच. ज्या नेत्यांची राजकारणातली मुंज अशा सभांत लागली, त्यांना प्रश्न म्हणजे अपमान वाटणारच. पिंपळगावला जे दिसले ते देशाच्या आकाराचे ‘मंजूर, मंजूर’ होते.

चर्चेला दांडी मारली की प्रचार रिकामा राहत नाही, चिखलाने भरतो. हे नगरइतके कोणाला ठाऊक? १९९१ ची लोकसभेची गडाख-विखे लढत जुन्या पिढीला आठवत असेल. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल खोटी विधाने करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचार आहे, या मुद्द्यावर बाळासाहेब विखे न्यायालयात गेले आणि यशवंतराव गडाखांची निवड रद्द झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातलता कायम ठेवली, त्या प्रचारावरून शरद पवारांवर आलेला ठपका मात्र पुसला आणि प्रचाराची पातळी राखण्याची जबाबदारी वरच्या नेत्यांची असते, हेही ऐकवले. १९९४ मध्ये नगरला पोटनिवडणूक घ्यावी लागली. प्रचारातल्या भाषेवरून खासदारकी गेल्याचे उदाहरण ज्या मतदारसंघाने देशाला दिले, तिथे तीस वर्षांनंतर याचिकाकर्त्याच्या नातवाने, म्हणजे सुजय विखे यांनी, प्रतिस्पर्ध्याचे इंग्रजी काढावे, याचा खेद वाटतो.

बरे, उत्तर देणे या मातीत अशक्य आहे असेही नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, पिण्याला किती, शेतीला किती, मग कोणते पीक घ्यायचे आणि कोणते नाही, हे सर्वांसमोर ठरते. ज्याला उसाची हौस आहे त्याला तोंडावर नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. एका छोट्या गावाचे कारभारी जे दरसाल करतात, ते बारा विधानसभा मतदारसंघांच्या जिल्ह्यातल्या बड्या नेत्यांना पाच वर्षांतून एकदा जमू नये? पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजणाऱ्या गावाच्या शेजारी साकळाईचे आश्वासन पिढ्यान्‌पिढ्या न मोजता वाटले जाते, याची कोणाला लाज वाटत नाही.

निवडणूक आयोगाकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. उमेदवाराच्या चहा-वड्याच्या बिलाचा हिशेब तपासणारा आयोग त्याने मतदारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली का, हे कधी विचारत नाही. आणि आम्ही वृत्तपत्रांनीही त्या प्रचारात कोणाच्या सभेला किती गर्दी, याचेच रकाने भरले.

४ जून २०२४ ला या दोघांतला एक निवडून आला आणि प्रश्न पुन्हा पाच वर्षांसाठी गोण्यांत भरले गेले. पण विधानसभेची निवडणूक पुन्हा येईल आणि ती गावाच्या वेशीवर लढली जाते. त्या वेळी बाजार समितीचे आडते, वकील संघ, दूध उत्पादक, महाविद्यालये यांनी एकच करावे. तालुक्याच्या गावी एक मंच घालावा, सगळ्या उमेदवारांना बोलवावे, न येणाऱ्याचे नाव लिहिलेली खुर्ची दिवसभर तशीच ठेवावी आणि तिचा फोटो गावभर फिरवावा. त्यासाठी आयोगाची परवानगी लागली तर ती मागावी, पण कोणत्याही नेत्याची मागू नये. आणि गावात सभेसाठी मैदान मागायला येणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्यांदा विचारावे, साहेब प्रश्न घेणार आहेत का? नसतील घेणार, तर त्याला सांगावे, मैदान रिकामे आहे, पण तुमच्यासाठी नाही.