परदेशातील आरोग्य-तपासणी : खर्चाचा पुरता हिशेब

जयपूरच्या झोटवाडा भागात राहणाऱ्या एका मराठी भगिनीने या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानात असतात. ‘आपण दोघे एकदा इकडे या, नखशिखांत तपासणी करून घेऊ,’ असा त्यांचा आग्रह आहे. यजमान सेवानिवृत्त आहेत आणि प्रवासाकरिता मुदत ठेव मोडावी असा विचार घरात चालला आहे. तपासणीस खर्च किती येतो आणि तो करावा काय, असे त्या विचारतात. मुले परदेशी असलेल्या कित्येक कुटुंबांपुढे हाच प्रश्न असल्याने उत्तर सर्वांसाठीच देत आहोत.

जपानात अशा तपासणीला ‘निंगेन डॉक’ म्हणतात. निंगेन म्हणजे माणूस. दूरच्या सफरीहून परतलेले जहाज गोदीत नेऊन तपासतात, तसेच माणसाचेही करावे, या कल्पनेने ही पद्धत तेथे १९५४ साली सुरू झाली. एका दिवसाच्या साध्या तपासणीस दर माणशी साधारणतः ४० ते ५० हजार येन, म्हणजे आपले वीस ते तीस हजार रुपये पडतात. मेंदूचे चित्रण वगैरे जोडल्यास आकडा वाढत जातो. प्रवासविमा अकस्मात उद्भवणाऱ्या आजारासाठी व अपघातासाठी असतो. अशा ऐच्छिक तपासणीची भरपाई त्यातून सहसा मिळत नाही. त्यावर दोघांचे विमानभाडे, व्हिसा आणि जपानी अहवालाच्या भाषांतराचा खर्च निराळा.

परंतु वाचकहो, हिशेब येथे संपत नाही. दक्षिण कोरियाने १९९९ साली कर्करोग-तपासणीची राष्ट्रीय योजना आखली. थायरॉइड ग्रंथीची तपासणी त्या योजनेत नव्हती. पण थोडे पैसे अधिक दिले की रुग्णालये गळ्याची सोनोग्राफीही करून देत आणि लोक ती हौसेने करून घेत. परिणाम असा झाला की, २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेने पंधरापट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र घटले नाहीत. ज्या बारीक गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्यांच्यापायी हजारोंनी ग्रंथी काढून घेतली व आयुष्यभराच्या गोळ्या पदरी घेतल्या. काहींच्या स्वरतंतूंनाही इजा झाली. निरोगी माणसाच्या तपासण्या जितक्या अधिक, तितका अशा निरुपद्रवी गोष्टी हाती लागण्याचा संभव अधिक. सरसकट आरोग्य-तपासण्यांविषयीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली पुन्हा घेण्यात आला. त्यात अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. परंतु अशा तपासण्यांमुळे मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ सर्वच तपासण्या व्यर्थ, असा मुळीच नव्हे. रक्तदाब आणि मधुमेह गाजावाजा न करता शरीर पोखरतात. तोंडाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच कळला तर प्राण वाचतात. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या नागरिकांना दर पाच वर्षांनी जी मोफत तपासणी मिळते, तीत मुख्यतः रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाचा संभव एवढेच पाहतात. यांतील कशासाठीही समुद्र ओलांडावा लागत नाही. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरांत तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीची योजना आहे. राजस्थानात तर सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधांची योजना २ ऑक्टोबर २०११ रोजी आणि मोफत तपासण्यांची योजना ७ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली. अधिक तपास लागल्यास जयपुरातच सवाई मानसिंह रुग्णालय आहे.

शिवाय रक्तदाब एकदा मोजून भागत नाही. तो पुनःपुन्हा पाहावा लागतो, औषधाचे प्रमाण बदलावे लागते. हे काम आपली प्रकृती वर्षानुवर्षे ओळखणारे जवळचे डॉक्टरच करू शकतात.

तेव्हा या भगिनींना आमचा सल्ला असा : तपासणीसाठी ठेव मोडू नये, उद्या खरोखरीचे आजारपण आले तर तीच उपयोगी पडेल. छातीत दुखणे, अकारण वजन घटणे, रक्तस्राव असे काही लक्षण असेल, तर जपानच्या प्रवासाची वाट न पाहता आजच डॉक्टरांकडे जावे. ऐपत असेल तेव्हा चिरंजीवांकडे अवश्य जावे, पण ते त्यांना भेटण्यासाठी. आणि निघण्यापूर्वी येथील तपासणी उरकून नेहमीची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. चिरंजीवांनाही मोकळेपणाने कळवावे की, त्यांची माया आपल्याला पोहोचली आहे. तपासणीसाठी काढून ठेवलेले पैसे त्यांना खर्चायचेच असतील, तर आई-वडिलांच्या दरवर्षीच्या साध्या तपासण्यांसाठी आणि औषधांसाठी ते पाठवीत राहावे.